घाटवाटेवरचा मुक्काम

बऱ्हाणपुराहून औरंगाबादेस येणारी जुनी बादशाही वाट तापीचे सपाट खोरे ओलांडून दक्षिणेकडे वळली म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेने अडविली जाते. आणि ज्या ठिकाणी ती डोंगराच्या पायथ्याशी थांबून, बैलांना पाणी पाजून घाट चढू लागते त्या ठिकाणी फर्दापूर, आणि जेथे घाट संपून दख्खनचे पठार सुरू होते त्या ठिकाणी अजिंठा, अशी दोन गावे शतकानुशतके एकमेकांकडे वाटसरू सोपवीत उभी आहेत. दोन्ही गावांत एकेक सराई आहे. या दोन गावांच्या मधल्या दरीत, वाघूर नदीच्या अर्धचंद्राकार वळणावर, जी लेणी आहेत त्यांच्यासाठी जगाच्या चारी कोपऱ्यांतून लोक येतात, आणि त्यांनी यावे हे योग्यच आहे. परंतु लेण्यांचे वैभव इतके प्रखर ठरले की, त्यांच्या वाटेवरच्या या दोन वास्तूंकडे पाहण्यास कोणाला सवड उरली नाही. लेणी घडविणारे गेले, भिक्षू गेले, ती दरी अरण्याने झाकून टाकली, आणि मग कित्येक शतके या मुलखात माणसे एकत्र जमली ती सरायांतच. त्या काळाचा हा वृत्तांत आहे.

माणसाला घर असते, शेत किंवा दुकान असते, देऊळ किंवा मशीद असते. तथापि या तिन्हींच्या बाहेर, जेथे कोणी कोणाचा धनी नाही आणि कोणी कोणाचा चाकर नाही, जेथे बसण्यासाठी निमित्त सांगावे लागत नाही, अशी एक चौथी जागा प्रत्येक समाज आपापल्या स्वभावाप्रमाणे निर्माण करीत असतो. इंग्रजांनी ती पबच्या रूपाने निर्माण केली. आपल्याकडे पब या शब्दाबरोबर मद्याचा पेला तेवढा डोळ्यांपुढे येतो, आणि त्यामुळे त्या संस्थेचा खरा अर्थ आपल्या हातून निसटतो. 1393 साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमदानीत मद्य गाळणाऱ्याने दारावर खूण टांगावी असे फर्मान निघाले. 1552 च्या कायद्याने अशा प्रत्येक घराला दोन न्यायाधीशांचा परवाना लागू लागला. आणि पुढील तीन शतकांत त्या परवान्याच्या छत्राखाली गावाचा निम्मा कारभार येऊन बसला. अपमृत्यूची चौकशी तेथे होई, मालमत्तेचे लिलाव तेथे होत, टपालाच्या घोडागाड्या तेथे घोडे बदलीत, आणि मजुरांच्या परस्पर साहाय्यक मंडळ्या तेथेच भरत. या मंडळ्यांची एक पेटी असे, आणि तिला तीन कुलपे असत; तिन्ही किल्ल्या तीन निरनिराळ्या माणसांकडे ठेवलेल्या, म्हणजे तिघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडावयाची नाही. दर आठवड्यास प्रत्येकाने काही पेन्स त्या पेटीत टाकावे, आणि कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर त्यातून त्याला आधार मिळावा. आमच्या गावांतील भिशीचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना या पेटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

यात दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मजुराची मजुरी पबमध्येच चुकती करावयाची आणि तिचा मोठा भाग तेथेच जिरवावयाचा, हा प्रकार इतका बोकाळला की, 1883 साली पार्लमेंटला खास कायदा करून तो बंद करावा लागला. त्या कायद्यामागे किती घरांतील रिकाम्या चुली असतील याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु 1943 साली बोल्टन शहराच्या पाहणीवरून मॅस ऑब्झर्व्हेशन या संस्थेने जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात असे आढळून आले की, घर आणि कारखाना सोडल्यास माणसे इतर कोणत्याही इमारतीपेक्षा पबमध्ये अधिक वेळ घालवितात. आणि हा वेळ केवळ पिण्यात जात नसून गप्पा, खेळ, पैजा, गाणी आणि गावच्या भल्याबुऱ्याची चर्चा यांत जातो. दारू हे तेथे बसण्याचे भाडे होते असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

आता आपल्या सराईकडे वळू. शेरशहाने आपल्या अल्पशा कारकिर्दीत दर दोन कोसांवर सराया बांधविल्या, त्यांत हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी निरनिराळी सोय केली, दारांशी पाण्याचे रांजण भरून ठेवविले, आणि हिंदू वाटसरूंचे पाणी व स्वयंपाक पाहण्यासाठी ब्राह्मण नेमले, असे त्याचा चरित्रकार अब्बास सरवानी लिहितो. जहांगीराने तख्तावर बसताच जे बारा हुकूम सोडले त्यांतही, ज्या वाटांवर चोऱ्या होतात तेथे सराया, मशिदी आणि विहिरी बांधाव्या, असा हुकूम होता. बादशाही अंमल दख्खनेत सरकला त्याबरोबर ही संस्थाही सरकली. 1610 च्या सुमारास मलिक अंबराने वसविलेल्या खडकीला 1653 मध्ये औरंगाबाद हे नाव मिळाले. 1681 च्या अखेरीस औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरास उतरला आणि 1682 च्या मार्चमध्ये औरंगाबादेत दाखल झाला. आणि तेव्हापासून पंचवीस वर्षे ही घाटवाट म्हणजे साम्राज्याची कंठनाळ होऊन बसली. खजिना, तोफा, दाणावैरण, कासीद, फकीर, सावकार, रोजगार शोधणारे शिपाई, आणि आपल्या मुलखाकडे परतणारे जखमी, सारे याच वाटेने जात-येत. फर्दापूरची सराई औरंगजेबाची म्हणून ओळखली जाते. अजिंठ्याचा तट 1727 साली पहिल्या निजामाने, निजामुल्मुल्क आसफजाहाने, बांधविला, म्हणजे ज्या वर्षी त्याचा आणि पहिल्या बाजीरावाचा तंटा पेटला आणि जो दुसऱ्या वर्षी पालखेडास निकालात निघाला, त्याच वर्षी.

सराईची रचना सर्वत्र बहुधा एकच असे. चौकोनी आवार, भोवती उंच भिंत, भिंतीला आतून लागून कमानींच्या लहान लहान खोल्यांची रांग, मध्ये उघडे पटांगण, त्यात विहीर, एका अंगास मशीद, आणि हत्ती-उंटांसह काफिला आत जाईल असा भव्य दरवाजा. त्या खोल्या सुखाच्या होत्या असे मात्र नाही. 1615 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला तेव्हा त्याला सराईत ज्या चार खोल्या मिळाल्या त्या त्याला भट्टीएवढ्या, भट्टीसारख्याच वरून गोल आणि विटांच्या बांधणीच्या दिसल्या, आणि राजाच्या वकिलाचा हा कसला सत्कार म्हणून तो मनस्वी चिडला.

निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा प्रवासी मोगली मुलखात दीर्घकाळ राहिला. त्याने सराईतील एका रात्रीचा जो क्रम नोंदला आहे तो वाचताना ती वास्तू डोळ्यांपुढे जिवंत होते. आठशे-हजार माणसे, त्यांची घोडी, उंट आणि गाड्या मावतील एवढ्या मोठ्या सराया त्याने पाहिल्या. सूर्य मावळला की दरवाजा बंद होई. रात्रभर कोणी आत यावयाचे नाही, कोणी बाहेर जावयाचे नाही. पहाटे, दरवाजा उघडण्यापूर्वी, दरवान तीनदा पुकारा करी की, प्रत्येकाने आपापले सामानसुमान पाहून घ्यावे; कोणाचे काही हरवले असेल तर त्याने तेव्हाच बोलावे, आणि एकाने जरी तक्रार केली तरी वस्तू सापडेपर्यंत दरवाजा बंदच राहावयाचा. चोर सापडला तर त्याला सराईसमोरच फाशी. या व्यवस्थेत क्रौर्य आहे हे खरे, पण तिच्यात एक विलक्षण तत्त्वही दडलेले आहे: एका परक्याची गाठोडी हरवली तर हजार माणसांचा प्रवास थांबतो. ज्यांची एकमेकांशी ओळख नाही, भाषा नाही, धर्म नाही, अशा लोकांना एका रात्रीपुरते का होईना, एकमेकांचे जामीन करणारी दुसरी संस्था त्या काळात मला दिसत नाही.

दार लागल्यानंतरच्या त्या तीन-चार घटकांत सराईचे खरे आयुष्य होते. भटियारा आणि त्याची बायको खाटा आणि अंथरुणे भाड्याने देत, चुली पेटवून देत, हुक्का भरून देत. बऱ्हाणपुराचा व्यापारी औरंगाबादचा कापसाचा भाव येथे विचारी, आणि औरंगाबादेहून आलेला शिपाई तापीला उतार आहे की नाही हे येथे समजून घेई. छावणीतून निघालेली बातमी दरबारी अखबारात उतरण्यापूर्वी सराईच्या पटांगणात पोहोचलेली असे, कारण तिथे ती पायी आलेली असे. घाटात वाघाचा त्रास कोठे आहे, चौकीवर जकातदार किती अडवणूक करतो, या गोष्टी वाटसरूच्या जिवाशी संबंधित होत्या, आणि त्या सांगण्या-ऐकण्यासाठी ओळखीची अट नव्हती. धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे तेवढे बहुधा आत येत नसत. हजारो बैल कोणत्या आवारात मावणार? ते बाहेरच्या माळावर गोण्यांची भिंत रचून उतरत.

येथे पबशी सराईची तुलना करताना एक मोठे अंतर ध्यानात घ्यावे लागते, आणि ते मद्याचे नव्हे. मद्य आपल्याकडे नव्हते अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या पहिल्याच लेण्याच्या छतावर इराणी वेषातील पुरुष हाती पेला घेऊन बसला आहे, आणि मघाशी सांगितलेल्या टॉमस रो याने बऱ्हाणपुरास शहाजादा परवेझाला जो नजराणा दिला त्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती, व ती पोहोचल्यावर शहाजादा पुन्हा भेट देण्याच्या अवस्थेतच राहिला नाही. परंतु दरबाराचे पिणे दरबारात राहिले, आणि गावाचे पिणे गावकुसाच्या कडेला राहिले. निजामी अंमलात दारू आणि शिंदीचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले तेव्हाही मक्तेदाराचे दुकान हे गावाचे बैठकीचे ठिकाण कधी झाले नाही. गावाने तेथे आपली पेटी ठेवली नाही, आपला न्याय तेथे मागितला नाही. पुढे महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती याच जुन्या निवाड्याची नवी सही होती असे मला वाटते.

खरे अंतर आहे ते पंगतीचे. पबमध्ये एका पिंपातले मद्य सर्वांच्या पेल्यात पडते. सराईत मात्र एका छताखाली दहा चुली पेटत. भटियाऱ्याच्या हातचे मुसलमान खाई. ब्राह्मण आपले पाणी वेगळे भरी. मराठा, वाणी, रजपूत आपापले पीठ आपापल्या परातीत मळीत. बोलणे एक, बातमी एक, भीती एक. पण भाकरी निराळी. आणि ज्याला सराईच्या दारातही बसता येत नसे असा एक माणूस या साऱ्या वाहतुकीच्या केंद्रस्थानी होता. गावचा येसकर महार, ज्याच्या वतनी कर्तव्यातच वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचविणे, सरकारी ओझे वाहणे आणि वेशीवर पहारा करणे हे मोडत असे, त्याला वाटेचा प्रत्येक दगड ठाऊक होता. हजार माणसांना एकमेकांचे जामीन करणाऱ्या संस्थेला या एका माणसासाठी जागा करता आली नाही. सराईचे गुणगान करताना हे विसरणे म्हणजे इतिहास लिहिणे नव्हे.

आता 1803 साल. त्या वर्षीच्या 23 सप्टेंबर रोजी, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असई गावी, चौतीस वर्षांच्या आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेवर हल्ला केला. शिंद्यांच्या पोलमन या हानोव्हरी सेनापतीने कवायती पलटणी आणि तोफा अशा मांडल्या होत्या की, वेलस्लीला जय मिळाला तो अतिशय महाग पडला. त्याचे 428 ठार आणि 1,138 जखमी झाले, आणि या संख्येत इंग्रजांपेक्षा एतद्देशीय शिपाई अधिक होते हे आपण स्मरणात ठेवले पाहिजे. मराठी फौजा अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशाकडे निघून गेल्या. रणांगणावर राहिले ते हजारावर जखमी, आणि त्यांना कोठे न्यावे हा प्रश्न.

वेलस्लीच्या मनात दौलताबाद होते. किल्ला भक्कम, आणि निजाम तर इंग्रजांचा दोस्त. परंतु निजामाच्या किल्लेदाराने जखमींना आत घेण्यास नकार दिला. दोस्तीचा तह हैदराबादेत झाला होता. दौलताबादच्या दरवाजापाशी तो पोहोचला नव्हता. तेव्हा हे जखमी अजिंठ्यास आणण्यात आले, आणि आसफजाहाने बांधविलेल्या त्या तटाच्या आत रुग्णालय उभे राहिले. वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हनसन याने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले. मोहीम अशी उत्तरेकडे सरकत गेली तेव्हा अजिंठ्याच्या तटात ते जखमी आपल्या जखमा घेऊन पडलेले होते. त्या वर्षीच दख्खनेत दुष्काळाची छाया पसरली होती आणि धान्य दुर्मीळ झाले होते. ज्यांना स्वतःला पोटभर मिळत नव्हते अशा एका घाटमाथ्यावरच्या लहानशा गावाच्या उंबऱ्याशी, कर्नाटकातले आणि तेलंगणातले शिपाई, स्कॉटलंडातले पलटणीवाले, डोलीवाले, वैदू आणि बाजारबुणगे येऊन पडले. या गावाने वाटसरू पुष्कळ पाहिले होते, पण इतके दिवस मुक्काम करणारे वाटसरू त्याने प्रथमच पाहिले असावेत. सेनापतीच्या पत्रव्यवहारात या रुग्णालयाच्या बंदोबस्ताचा उल्लेख येतो. गावकऱ्यांच्या बाजूचा पत्रव्यवहार आपल्यापाशी नाही, कारण ज्यांनी पाणी भरले, लाकडे फोडली आणि प्रेते वाहिली त्यांची दफ्तरे कोणी ठेवीत नसतात.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि 1828 मध्ये इंग्लंडचा मुख्य प्रधान. 1830 साली, तो मुख्य प्रधान असताना, त्याच्या सरकारने पार्लमेंटमध्ये बियरच्या दुकानांचा कायदा मंजूर करून घेतला: कर भरणाऱ्या कोणत्याही गृहस्थाने दोन गिनी फी भरावी आणि आपल्याच घरात बियरची विक्री सुरू करावी, न्यायाधीशांच्या परवान्याची गरज नाही. गरिबांना जिनसारख्या तीव्र मद्यापासून सोडवून सौम्य पेयाकडे वळवावे आणि मोठ्या मद्यकारखानदारांची मक्तेदारी मोडावी हा त्याचा उद्देश होता. पहिल्या सहा महिन्यांतच 24,000 वर लोकांनी असे परवाने घेतले, आणि मजुराच्या बैठकीच्या खोलीत पबचा जन्म झाला. 1869 साली न्यायाधीशांचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करावा लागला, इतका तो प्रसार बेसुमार झाला. पण इंग्लंडातील गल्लोगल्लीचा पब, ज्याची मुळे मोठ्या हमरस्त्यात नसून शेजारपाजारात आहेत, तो मोठ्या अंशी याच कायद्याने रुजविला. आणि त्यांतील कित्येकांच्या दारावर जी पाटी झळकू लागली ती ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या चित्राची. ज्याच्या जखमी शिपायांना अजिंठ्याने आपल्या तटात जागा दिली त्याचे नाव घेऊन इंग्लंडातील कामकरी माणसे संध्याकाळी एकत्र बसू लागली.

या दोन संस्थांच्या भवितव्यातील भेद येथेच स्पष्ट होतो. सराई ही राजाची होती आणि रस्त्यासाठी होती. पब हा शेजाऱ्याचा होता आणि गल्लीसाठी होता. आगगाडी आली तेव्हा दोघांचीही परीक्षा झाली. इंग्लंडातील हमरस्त्यांवरच्या मोठ्या सराया, जेथे टपालगाड्यांचे घोडे बदलत, त्या 1830 नंतरच्या दोन-तीन दशकांत ओस पडल्या. पण गल्लीतला पब आगगाडीने मारला नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक कोठे जाणारच नव्हते. आपल्याकडे 1860 नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खानदेशातून भुसावळकडे गेले, आणि 1900 साली निजामाची गाडी मनमाडहून औरंगाबादेस पोहोचली. तेव्हा बऱ्हाणपूर-औरंगाबाद ही वाट अक्षरशः दोन्ही टोकांनी कापली गेली. काफिले बंद झाले. भटियाऱ्याची खाट रिकामी राहिली. साहेबांसाठी फर्दापुरास बंगला बांधला गेला, आणि मुक्कामाची प्रतिष्ठा पटांगणातून व्हरांड्यात गेली, जेथे एका वेळी एकच कुटुंब उतरते आणि शेजारी कोण आहे हे विचारण्याची कोणाला गरज पडत नाही.

लेण्यांच्या पुनःशोधाने या वाटेला दुसरे आयुष्य दिले खरे, पण ते निराळ्या जातीचे. 1819 च्या एप्रिलमध्ये कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने लेण्यांपाशी आला. 1844 मध्ये मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली आणि अजिंठ्याच्या बारादरीत राहून त्याने आयुष्याचा उत्तरार्ध या गावात घालविला. त्याची सहचरी पारो हिची समाधी आजही गावात आहे. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे येथे येत राहिला. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार या तरुण बंगाली चित्रकारांनी फर्दापुराजवळ तंबू ठोकले, आणि त्यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीनही होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधीही चित्रकारांचा मेळा घेऊन आले आणि 1932 साली त्यांनी अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर अंधाऱ्या गुहेत कंदिलाच्या उजेडात रेषा टिपावयाच्या आणि संध्याकाळी वेगवेगळ्या प्रांतांच्या माणसांनी एकाच शेकोटीभोवती बसावयाचे, यात सराईचा जुना धर्म थोडाफार उरला होता. मात्र तो पाहुण्यांपाशी उरला होता, गावापाशी नव्हे.

आणि गावापाशी नसलेला तो धर्म किती उणा होता हे 1934 साली दिसून आले. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले आणि वाटेत दौलताबादेस उतरले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींपैकी काहींनी तेथे तोंड व पाय धुतले. लागलीच एक वृद्ध मुसलमान मागून ओरडत आला, हौद बाटला म्हणून गलका झाला, जमाव जमला, आणि शेवटी किल्ल्यात पाण्याला कोठेही स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. याच किल्ल्याच्या दाराशी एकशे एकतीस वर्षांपूर्वी वेलस्लीचे जखमी नाकारले गेले होते. पण त्यांच्यासाठी अजिंठ्याचे दार उघडे होते. बाबासाहेबांच्या मंडळींना त्या साऱ्या मुलखात कोणते दार उघडे होते? प्रवासात आपण कोण हे कळू न देता जावे, असे त्यांनी निघतानाच ठरविले होते, यातच त्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुढे 1950 साली त्यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले, आणि ज्या मुलांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते ती तेथे एका वर्गात, एका वसतिगृहात आणि एका पंगतीत बसू लागली. सराईला जे साधले नाही ते या मराठवाड्यात प्रथम तेथे साधू लागले, अशी माझी धारणा आहे.

गावाच्या स्वतःच्या बैठकी याहून निराळ्या. पारावर म्हातारे बसत, चावडीवर पाटील-कुलकर्णी वसुलाचा हिशेब करीत आणि तंटे ऐकत, देवळाच्या सभामंडपात भजन रंगे, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी कोठे बसावयाचे हे जन्मानेच ठरलेले असे. ही रचना सैल झाली ती 1948 च्या सप्टेंबरनंतर, निजामी अंमल संपून कुळकायदे आले, एस.टी. आली आणि तिच्या थांब्यापाशी चहाची हॉटेले निघाली तेव्हा. चार बाकडी, एक भट्टी, उकळत्या चहाचे पातेले, रेडिओ, आणि ज्याचे पान प्रत्येकाच्या हाती निराळे असे एक वर्तमानपत्र. सुरुवातीची कित्येक वर्षे कित्येक हॉटेलांत काही गिऱ्हाइकांसाठी कपबशी निराळी ठेवलेली असे, आणि ती एका दिवसात गेली नाही. ती जाण्यासाठी माणसांना भांडावे लागले, मार खावा लागला. परंतु आज अजिंठ्याच्या बाजारात सकाळी एका बाकड्यावर जे चौघे बसतात त्यांत कोण कोणत्या आळीचा हे चहावाला विचारीत नाही. मक्याचा भाव, कापसाची बोंडअळी, पंचायतीची निवडणूक, मुलीचे बारावीचे गुण, आणि पाऊस, सारे तेथे बोलले जाते. वर्गणी तेथे जमते, भिशीचा हप्ता तेथे दिला जातो, सोयरिकीचा पहिला शब्दही पुष्कळदा तेथेच निघतो. इंग्रज माणूस पबमध्ये ज्यासाठी जातो त्यासाठीच हे लोक येथे येतात, आणि बसण्याचे भाडे म्हणून अर्धा कप चहा घेतात.

सरायांची अवस्था मात्र पाहवत नाही. लेणी 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी रस्ते झाले, वाहनतळ झाले, पायथ्यापासून बसची सोय झाली. फर्दापूरच्या तिठ्यावर दररोज परगावची माणसे उतरतात आणि त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, किंवा जळगावला परत जातात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, ज्या रस्त्याने आपण आलो तो तीन शतकांपूर्वी हिंदुस्थानच्या राजकारणाचा राजरस्ता होता आणि त्याचे दोन दरवाजे अद्याप उभे आहेत. कमानींत झाडोरा वाढला आहे, दगड निखळत आहेत. या आवारांची नीट मोजणी व्हावी, त्यांचे नकाशे काढून प्रसिद्ध व्हावेत, औरंगाबाद आणि हैदराबाद येथील जुन्या दफ्तरांत त्यांच्या इनामांचे आणि खर्चाचे जे कागद असतील ते अभ्यासकांनी शोधावेत, आणि पटांगणे साफ करून ती गावाच्या हाती द्यावीत: आठवडे बाजारासाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी नुसते बसण्यासाठी. चाकोरीबाहेरचा खर्च यात फारसा नाही, आणि विहिरीचा गाळ काढण्याचे काम तर गाव स्वतः करू शकेल. फक्त त्या विहिरीवर या वेळी कोणासाठीही निराळा दोर असू नये.